जुन्या नॅसवरून नव्या नॅसवर डेटा नेताना दर वेळी त्याच फाइली मागे राहतात? कारणं आणि उपाय

लक्षण साधारण असं असतं. जुन्या नॅसवर (नेटवर्कवरून सगळ्यांना फाइली पुरवणारं साठवण यंत्र) तीन-चार टेराबाइट डेटा आहे. नवा नॅस आणून लावला, रात्री कॉपी सुरू केली आणि झोपलात. सकाळी पाहता तर कुठल्या तरी फाइलीवर विचारणा येऊन सगळं तिथेच खोळंबलेलं. ती फाइल वगळून पुन्हा सुरू केलं, दुसऱ्या रात्री तोच प्रकार. किंवा कॉपी ‘पूर्ण’ झाली म्हणते, पण दोन्हीकडच्या फाइलींची संख्या जुळत नाही. पुन्हा चालवावी तर आधी गेलेल्या फाइलीही पहिल्यापासून जायला लागतात. केबल बदलून झाली, राउटर बदलून झाला, फरक शून्य.

इथे आणखी एकदा कॉपी चालवण्याआधी एवढंच तपासा: मागे राहणाऱ्या फाइली दर वेळी त्याच आहेत की वेगवेगळ्या? वेगवेगळ्या असतील तर संशय केबलवर, विजेवर किंवा डिस्कवर घ्या. त्याच त्या असतील तर तारेला दोष देऊन उपयोग नाही. खोट त्या फाइलींच्या नावात, वेळेत किंवा हक्कांत आहे. गृहनिर्माण संस्था, छापखाने, फोटो स्टुडिओ, वकिलांची ऑफिसं अशा ठिकाणी, जिथे फाइलींना मराठीत नावं दिलेली असतात, तिथे बहुतेक वेळा गाडी नावापाशीच अडते. इंग्रजी मदतपानांवर याबद्दल फारसं मिळत नाही, म्हणून खाली तो भाग जरा ऐसपैस लिहिला आहे. आज्ञा आणि पर्याय उच्चाराप्रमाणे दिले आहेत, टाइप करताना अर्थातच रोमन अक्षरं.

आधी डिस्कची तब्येत

जुन्या नॅसच्या व्यवस्थापन पानावर डिस्कची ‘स्मार्ट’ माहिती उघडा. तिथे आकड्यांचं जंगल असतं, त्यातले दोनच बघा: क्रमांक ५, म्हणजे डिस्कने खराब ठरवून बाजूला टाकलेले सेक्टर, आणि क्रमांक १९७, म्हणजे वाचता न आल्यामुळे निकाल लागायचे राहिलेले सेक्टर. दुसरा आकडा शून्याच्या वर असेल आणि वाढत असेल तर हे पुढचं सगळं वाचत बसू नका. जे पुन्हा मिळणार नाही ते, म्हणजे घरचे फोटो, सही-शिक्क्यांचे दस्त, हिशेब, आधी मिळेल त्या डिस्कवर उतरवून घ्या. सिनेमे आणि मोबाइलचे जुने बॅकअप सगळ्यात शेवटी.

खराब डिस्क काढून जुन्या नॅसमध्ये नवी घालू, रेड (अनेक डिस्क एकत्र बांधलेली रचना) पुन्हा बांधला गेला की निवांत कॉपी करू, असा बेत अनेक जण करतात. हलवायचंच ठरलं असेल तर हा बेत मला पटत नाही. रेड बांधताना उरलेल्या डिस्क सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचल्या जातात आणि त्यांचं वयही तेवढंच झालेलं असतं. दुसरी डिस्क त्याच ताणात गेली तर हातात काहीच उरत नाही. आधी डेटा हलवा, डागडुजी मागाहून.

जुन्या डिस्क उचलून थेट नव्या नॅसमध्ये घालणं हा मार्ग एकाच कंपनीच्या नॅसमध्ये बऱ्याचदा चालतो. सिनॉलॉजी आणि क्यूनॅप या दोन्ही कंपन्या कोणत्या मॉडेलमधून कोणत्या मॉडेलमध्ये डिस्क नेता येतात याची माहिती देतात. कंपनी बदलली की मात्र नवा नॅस ‘डिस्क इनिशिअलाइझ करू का’ असं विचारतो, आणि तिथे ‘हो’ म्हणणं म्हणजे डेटावर पाणी सोडणं. वेस्टर्न डिजिटलच्या माय बुक लाइव्हची तर आणखी वेगळी तऱ्हा. त्यातली ईएक्सटी४ फाइल प्रणाली ६४ किलोबाइटच्या ब्लॉकची आहे. नेहमीच्या इंटेल संगणकावरच्या लिनक्सला वर्षानुवर्षं ४ किलोबाइटपेक्षा मोठा ब्लॉक माउंट करता (जोडून वाचता) येत नसे, त्यामुळे डिस्क ठणठणीत असूनही मेल्यासारखी वाटते. अशी डिस्क फ्यूज-ईएक्सटी२ या लिनक्सवरच्या प्रोग्रॅमने वाचता येते. हेच यंत्र जून २०२१मध्ये इंटरनेटवरून झालेल्या हल्ल्यात जगभर अनेकांच्या घरी आपोआप पुसलं गेलं होतं. कुणाकडे अजून चालू असेल तर आधी त्याचं इंटरनेट तोडा, मग पुढचं.

जुना नॅस नव्या लॅपटॉपवर दिसतच नाही

काल-परवापर्यंत दिसणारा नॅस विंडोज बदलल्यावर गायब झाला, तर दोन शक्यता. पहिली एसएमबी१ची. दहा-बारा वर्षांपूर्वीचे बरेच नॅस फाइली वाटण्यासाठी एवढीच जुनी भाषा बोलतात. मे २०१७मध्ये वॉनाक्राय हा खंडणी मागणारा व्हायरस याच भाषेतल्या त्रुटीतून पसरला आणि त्याच वर्षीच्या १७०९ आवृत्तीपासून नव्याने टाकलेल्या विंडोज १०मध्ये एसएमबी१ बसवलेलं येईनासं झालं. दुसरी शक्यता पाहुण्या खात्याची. जुन्या नॅसवर ‘पासवर्ड नको, सगळ्यांना खुलं’ अशी सोय असते. विंडोज ११ची २४एच२ आवृत्ती मुळातच सही केलेली जोडणी मागते आणि पाहुण्याला दारातच अडवते. संदेशात ‘तुमच्या संस्थेच्या सुरक्षा धोरणामुळे’ वगैरे लिहिलेलं येतं. घरी बसलेला माणूस विचारात पडतो की माझी कुठली संस्था?

पाहुण्यावर उपाय सोपा: जुन्या नॅसवर नाव-पासवर्ड असलेलं एक खातं उघडा. एसएमबी१साठी आधी जुन्या नॅसच्या सेटिंगमध्ये एसएमबी२ चालू करता येतं का ते शोधा, अनेकांत ते असतं पण बंद असतं. नसेलच तर विंडोजमध्ये एसएमबी१ चालू करण्यापेक्षा एफटीपी, एनएफएस किंवा आरसिंक (फाइली नेण्याच्या इतर पद्धती) यातला जो दरवाजा जुन्या नॅसला असेल तो वापरा. विंडोजमध्ये ते चालू करणं भागच पडलं, तर काम होताच बंद करा. ‘नंतर करू’ म्हणून ते तसंच राहिलेलं मी पुष्कळ ठिकाणी पाहिलं आहे.

लॅपटॉप मधून काढा

दोन खिडक्या उघडून एकीतून दुसरीत ओढणं चालतं, पण त्यात प्रत्येक फाइल आधी लॅपटॉपवर येते आणि मग पुन्हा बाहेर जाते, बहुतेकदा एकाच वायफायवरून. लॅपटॉप झोपला की काम थांबलं. त्यापेक्षा नव्या नॅसलाच जुन्यावरून डेटा ओढू द्या. नव्या नॅसच्या फाइल व्यवस्थापकात दुसऱ्या यंत्रावरचं फोल्डर जोडायची सोय बहुतेक वेळा असते, आणि आरसिंक तर बहुतेक सगळ्यांकडे असतं. जुन्या नॅसवर यासाठी फक्त वाचायचे हक्क असलेलं वेगळं खातं काढा. मग आज्ञा चुकून उलट्या दिशेने लिहिली गेली तरी जुन्यावरचं काही पुसलं जात नाही.

आरसिंकमध्ये ‘आर्काइव्ह’ हा पर्याय घ्या आणि पहिल्यांदा ‘ड्राय-रन’ जोडून चालवा, म्हणजे काही न हलवता काय हलणार आहे तेवढं दिसेल. मूळ फोल्डरच्या नावाशेवटी तिरकी रेघ दिली तर आतला माल जातो, नाही दिली तर फोल्डरसकट जातो. ‘फोटो’मध्ये पुन्हा ‘फोटो’ तयार होतो तो इथेच. लॉग फाइल काढायला विसरू नका, आणि मराठी नावांसाठी ‘आठ-बिट आउटपुट’ हा पर्याय हवाच. नाहीतर नावाऐवजी ३४०, २४४, ३४०, २४५ अशा आकड्यांच्या माळा उमटतात आणि कुठली फाइल अडली ते कळत नाही. ते आकडे म्हणजे देवनागरी अक्षरांचेच बाइट, अष्टमान पद्धतीत लिहिलेले.

विंडोजवरूनच करायचं असेल तर रोबोकॉपी (विंडोजमधलीच कॉपी करायची आज्ञा) वापरा, पण तिच्या मूळ सेटिंगवर विसंबू नका. एखादी फाइल अडली की ती ३० सेकंद थांबून पुन्हा प्रयत्न करते, आणि असे प्रयत्न करायची तिची मूळ मर्यादा आहे दहा लाख. हिशेब केला तर एका अडलेल्या फाइलीपायी ती जवळजवळ वर्षभर दारात उभी राहायला तयार असते. ‘कॉपी अडकली’ अशा तक्रारींतल्या कितीतरी एवढ्याशाच. प्रयत्न एक आणि थांबणं एक सेकंद असं सांगा (आर आणि डब्ल्यू हे पर्याय), म्हणजे अडलेली फाइल लॉगमध्ये नोंदून ती पुढे जाईल. लॉगसाठी साधा ‘लॉग’ पर्याय घेऊ नका, ‘युनिलॉग’ घ्या, नाहीतर मराठी नावांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं येतात. ‘मिरर’ पर्यायापासून लांबच राहा. मुळात नसलेलं सगळं तो दुसरीकडून पुसून टाकतो.

ऑफिसात टॅलीचा डेटा नॅसवर असेल तर सगळ्या संगणकांवरची टॅली बंद करूनच तो फोल्डर हलवा. उघड्या कंपनीची कॉपी अर्धवट जाते आणि ते त्याच दिवशी लक्षात येईलच असं नाही.

आता नावांकडे

लॉग हातात आला की अडलेल्या फाइलींची नावं एका खाली एक लावा. बघताबघता त्यांचे गट पडतात.

पहिला गट लांब नावांचा. लिनक्सवर चालणाऱ्या नॅसमध्ये, मग फाइल प्रणाली ईएक्सटी४ असो की बीटीआरएफएस, एका नावाला २५५ बाइटची मर्यादा असते. विंडोजच्या एनटीएफएसमध्येही मर्यादा २५५चीच, पण तिथे बाइट नाही, अक्षरचिन्हं मोजतात. इंग्रजी नावाला याने काही फरक पडत नाही, कारण एक अक्षर म्हणजे एक बाइट. देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८मध्ये (अक्षरं बाइटमध्ये साठवायची पद्धत) तीन बाइट घेतं, आणि चिन्ह म्हणजे डोळ्यांना दिसणारं अक्षर नव्हे. काना, वेलांटी, अनुस्वार, पाय मोडणारा हलन्त, सगळी वेगवेगळी मोजली जातात. ‘कार्यक्रम’ आपल्याला चार अक्षरांचा दिसतो, यंत्राला तो नऊ चिन्हांचा, म्हणजे २७ बाइटचा.

गृहनिर्माण संस्थेच्या दप्तरातलं एक नेहमीच्या धाटणीचं नाव घ्या: ‘सहकारी गृहनिर्माण संस्था वार्षिक सर्वसाधारण सभेचे इतिवृत्त आणि लेखापरीक्षण अहवाल सन २०१४-१५’ आणि पुढे पीडीएफची ठिपक्यासकट चार रोमन चिन्हं. हे भरतात २५३ बाइट, म्हणजे कसंबसं मावलं. सचिवांनी शेवटी ‘अंतिम’ एवढा एक शब्द जोडला की झाले २६९, आणि फाइल नॅसवर जात नाही. विंडोजला त्या नावात फक्त १०१ चिन्हं दिसतात, त्यामुळे संगणकावर ती वर्षानुवर्षं विनातक्रार बसलेली असते. जुनं साठवण यंत्र विंडोजवर चालणारं असेल, किंवा सोबत जोडलेली यूएसबी डिस्क एनटीएफएसची असेल, तर हा गट हमखास निघतो. वर्ष देवनागरी आकड्यांत लिहिलं तर १२ बाइट, रोमन आकड्यांत ४. नाव थोडक्यात मावत नसेल तेव्हा तेवढ्यानेही काम भागतं.

जुना आणि नवा दोन्ही लिनक्सवाले असूनही लांब नावं अडत असतील, तर नव्या नॅसवरचा फोल्डर एन्क्रिप्टेड (कुलूपबंद) आहे का ते बघा. सिनॉलॉजीच्या एन्क्रिप्टेड शेअर्ड फोल्डरमध्ये नावाची मर्यादा १४३ बाइटवर येते, कारण नावही कुलूपबंद करताना ते फुगतं. देवनागरीत ही ४७ चिन्हं झाली. मराठी लग्नपत्रिकेच्या फाइलीचं नावसुद्धा कधीकधी यात बसत नाही. दोनच वाटा: नावं आखडणं, किंवा एन्क्रिप्शनचा वेगळा प्रकार निवडणं. सिनॉलॉजीच्या डीएसएम या प्रणालीच्या ७.२ आवृत्तीपासून अख्खं व्हॉल्यूम एन्क्रिप्ट करायची सोय काही मॉडेलवर आहे, तिथे नावाची मर्यादा कमी होत नाही. पण ही निवड डेटा टाकायच्या आधी करायची असते.

दुसरा गट जास्त फसवा, कारण त्यात काहीच अडत नाही. उलट एका फाइलीच्या दोन होतात, किंवा आरसिंक दर वेळी तेच फोल्डर नवीन समजून पुन्हा पाठवतं. नावं बघा: ‘दुसऱ्या वाढदिवसाचे फोटो’, ‘साताऱ्याची जमीन’, ‘पुढाऱ्यांचे सत्कार’. सगळ्यांत ‘ऱ्य’ आहे. डोळ्यांना एकच दिसणारा हा जोडाक्षराचा तुकडा यंत्रात तीन प्रकारे लिहिलेला असू शकतो. एक, युनिकोडमधलं ऱ हे एकसंध चिन्ह वापरून. दोन, र आणि खाली नुक्ता असे दोन तुकडे करून. तीन, साधा र, हलन्त आणि एक अदृश्य सांधा, ज्याला झीरो विड्थ जॉइनर म्हणतात. नॅसच्या दृष्टीने हे तीन वेगळे फोल्डर आहेत.

मॅकच्या जुन्या एचएफएस प्लस डिस्क नावं तुकड्यांत फोडून ठेवतात, म्हणजे दुसरा प्रकार. विंडोज तुम्ही टाइप केलं तसं ठेवतं, म्हणजे कीबोर्डाप्रमाणे पहिला किंवा तिसरा. म्हणून मॅकला जोडलेल्या डिस्कवरून आरसिंकने नॅसवर पाठवलेला फोल्डर आणि विंडोजवरून आधीच टाकलेला फोल्डर शेजारीशेजारी उभे राहतात, नावं तंतोतंत सारखी. कधी मॅकच्या फाइंडरमध्ये फाइल दिसते पण उघडायला गेलं की ‘सापडत नाही’ म्हणतो.

पहिल्या आणि दुसऱ्या प्रकारांत युनिकोडच्या नियमाने बरोबरी आहे, त्यामुळे कॉन्व्हएमव्ही नावाची लिनक्सवरची आज्ञा ती नावं एकसंध रूपात आणून देते. मूळ आणि लक्ष्य दोन्ही यूटीएफ-८ सांगायचं आणि ‘एनएफसी’ पर्याय द्यायचा. सुरुवातीला ती फक्त काय बदलेल ते दाखवते, खरोखर बदलायला ‘नो-टेस्ट’ सांगावं लागतं. आरसिंकमध्येही ‘आयकॉन्व्ह’ पर्यायाने मॅककडचं रूप जाता-जाता बदलता येतं, पण त्याला आरसिंक ३ हवं. मॅकमध्ये वर्षानुवर्षं २००६ सालचं २.६.९ येत होतं, त्यात हा पर्यायच नाही, तेव्हा आधी आवृत्ती तपासा. तिसऱ्या, अदृश्य सांध्याच्या प्रकाराला यातलं काही लागू पडत नाही. ती नावं शोधून बदलावीच लागतात. नावं बदलणाऱ्या एखाद्या साधनात ‘र, हलन्त, सांधा’ शोधा आणि जागी ‘ऱ, हलन्त’ घाला.

याच जातीची आणखी दोन दुखणी आहेत. ‘ॲ’ हे एकसंध चिन्ह युनिकोडमध्ये २००८ साली आलं. त्याआधी लोक अ वर चंद्र देऊन काम भागवत, आणि बरेच कीबोर्ड पुढेही तसंच करत राहिले. त्यामुळे ‘ॲडमिशन’ नावाचे दोन फोल्डर सापडले तर दचकू नका. दुसरं म्हणजे ‘बँक’. कुणी चंद्रबिंदू देतो, कुणी चंद्र देऊन वर अनुस्वार, आणि कित्येक फॉन्टांत दोन्ही सारखेच दिसतात. इथे युनिकोड मदतीला येत नाही, एक रूप ठरवून हातानेच एकत्र करायचं.

तिसरा गट विरामचिन्हांचा. ‘स्वत:’, ‘अंत:करण’ लिहिताना विसर्गाऐवजी अपूर्णविराम देण्याची सवय आपल्याकडे सर्रास आहे. विंडोजला नावात अपूर्णविराम चालत नाही, लिनक्सला चालतो. नॅसच्या ब्राउझरमधल्या पानावरून किंवा लिनक्सच्या संगणकावरून असं नाव एकदा आत गेलं की विंडोजला ते दाखवताना साम्बा (नॅसवर एसएमबी चालवणारा प्रोग्रॅम) त्याचं एक टोपणनाव तयार करतं: सहा रोमन अक्षर-आकडे, मग तरंगरेघ आणि आणखी एक अक्षर. आणि अशा वेळी रोबोकॉपीने डेटा नेला तर नव्या नॅसवर कायमचं टोपणनावच जातं, मूळ मराठी नाव मागेच राहतं. कॉपी विनातक्रार पूर्ण होते, हा यातला खरा धोका. नावाच्या शेवटी ठिपका आला तरी हेच. ‘पावत्या वगैरे.’, ‘देणगी रु.’ अशी संक्षेपावर संपणारी फोल्डरची नावं विंडोजला पचत नाहीत, कारण शेवटचा ठिपका आणि शेवटची मोकळी जागा ते गाळून टाकतं. मॅकवाल्यांनी ‘ता. १२/३’ अशी तिरकी रेघ दिलेली असेल तर तीही आत अपूर्णविराम म्हणूनच साठवलेली असते आणि दुसरीकडे चौकोन होऊन दिसते.

ही नावं नव्या नॅसवर गेल्यावर दुरुस्त करण्यापेक्षा जुन्यावरच करून घ्या, तेही नॅसच्या स्वतःच्या पानावरून किंवा एसएसएचने (दुरून थेट आज्ञा द्यायची सोय), विंडोजमधून नव्हे. अडलेल्या फाइली मोजक्या असतील तर कुठलंही साधन न वापरता हाताने करणं मला जास्त भरवशाचं वाटतं.

दर वेळी सगळंच पहिल्यापासून का जातं?

आरसिंक आणि रोबोकॉपी दोघंही फाइल तीच आहे की बदलली हे आकार आणि शेवटच्या बदलाची वेळ यांवरून ठरवतात. वेळ सेकंदभर जरी इकडेतिकडे झाली तरी फाइल नवी. काही जुने नॅस आणि एफएटी३२ डिस्क वेळ दोन-दोन सेकंदांच्या पायरीने ठेवतात. रोबोकॉपीला एफएफटी हा पर्याय आणि आरसिंकला ‘मॉडिफाय-विंडो’ दोन दिला की हा फरक ते पोटात घालतात आणि दुसरी फेरी काही मिनिटांत संपते.

फरक बरोबर साडेपाच तासांचा असेल तर समजा की मध्ये कुठेतरी एफएटीची यूएसबी डिस्क आली. एफएटी स्थानिक वेळ लिहून ठेवतं आणि नॅस ती जागतिक वेळ समजून वाचतो. दुपारी दोनची फाइल संध्याकाळी साडेसातची होते. (एफएटी३२वर ४ गिगाबाइटपेक्षा मोठी फाइल बसतच नाही, त्यामुळे लग्नाचे व्हिडिओ याच टप्प्यावर गळतात.) जुन्या नॅसचं घड्याळच १९७० किंवा २०००मध्ये अडकलं असेल, तर आतला सीआर२०३२ सेल संपला असण्याची शक्यता जास्त. ‘नव्या असतील त्याच फाइली पाठव’ असा पर्याय अशा यंत्राबरोबर वापरू नये.

वेळेचा परिणाम फोटोंवर सगळ्यात जास्त होतो. कॅमेऱ्याच्या फोटोत तारीख आतच असते, पण व्हॉट्सॲपवरून आलेल्या फोटोतली ती माहिती काढून टाकलेली असते. त्यांची एकमेव तारीख म्हणजे फाइलीची वेळ. ब्राउझरमधून अपलोड करताना ती गेली की सात-आठ वर्षांचे फोटो आजच्या दिवसात येऊन पडतात. अँड्रॉइडवर निदान नावात वर्ष-महिना-दिवस असतो, त्यावरून सावरता येतं.

वेगाबद्दल थोडक्यात

गिगाबिट जोडणीवर मोठ्या फाइली सेकंदाला ११० मेगाबाइटच्या आसपास जातात, म्हणजे चार टेराबाइटला साधारण दहा तास. आकडा ११च्या आसपास अडकला असेल तर जोडणी १०० मेगाबिटची झालेली आहे आणि तेच काम चार दिवसांवर जाईल. गिगाबिटला केबलमधल्या चारही जोड्या लागतात, १०० मेगाबिटला दोन पुरतात, त्यामुळे एक तार तुटली तरी काम चालू राहतं, फक्त मंद. इंटरनेट कंपनीने दिलेल्या स्वस्त राउटरची पोर्टही अनेकदा १००चीच असतात. दोन्ही नॅस एकमेकांना थेट केबलने जोडून हाताने आयपी पत्ते देणं हा सगळ्यात सरळ उपाय. छोट्या फाइली मात्र कशानेही वेगात जात नाहीत, म्हणून ‘@ईएडिर’, ‘थम्ब्स’, ‘डीएस-स्टोअर’ असले आपोआप तयार होणारे फोल्डर आणि फाइली वगळा. नवा नॅस लघुचित्रं स्वतः बनवतो. पावसाळ्यात दोन्ही यंत्रं यूपीएसवर ठेवा. नुसत्या इन्व्हर्टरवर ठेवलीत, तर वीज गेल्यावर तो सुरू होईपर्यंतच्या क्षणात नॅस बंद पडू शकतो.

मोजून घ्या

आकार जुळतोय का एवढंच पाहून समाधान मानू नका. एक यंत्र टेराबाइट दहाच्या पटीत मोजतं, दुसरं दोनच्या, त्यामुळे ४चे ३.६४ दिसतात आणि काहीच हरवलेलं नसतं. उलट कचरापेटी आणि स्नॅपशॉट (आधीच्या स्थितीच्या राखून ठेवलेल्या प्रती) जुन्याच्या आकारात धरलेले असतात. प्रत्येक मुख्य फोल्डरमधल्या फाइलींची संख्या दोन्हीकडे काढा आणि जिथे जुळत नाही तिथे आत शिरा. मग महत्त्वाच्या फोल्डरांवर आरसिंक ‘चेकसम’ आणि ‘ड्राय-रन’ एकत्र देऊन चालवा. ते प्रत्येक फाइल दोन्हीकडे वाचून ताडून पाहतं, वेळ भरपूर लागतो, पण यादी रिकामी आली की प्रश्न मिटला. नव्या नॅसवरचा आकार उलट फुगला असेल तर जुन्यावर हार्डलिंक (एकाच फाइलीला दिलेली अनेक नावं) वापरणारे बॅकअप होते. आर्काइव्ह पर्यायात हार्डलिंक येत नाहीत, त्या वेगळ्या मागाव्या लागतात. मॅकच्या टाइम मशीनचा बॅकअप तर हलवूच नका, नव्यावर नवा सुरू करा आणि जुना काही महिने ठेवा.

सगळं दिसतंय पण लिहिता येत नाही, ही तक्रार मालकीची. फाइलीवर मालकाचं नाव नसतं, क्रमांक असतो. जुन्यावर जो क्रमांक ताईचा तो नव्यावर दादाचा असू शकतो, किंवा कुणाचाच नाही. नव्या नॅसच्या पानावरून शेअर्ड फोल्डरचे हक्क पुन्हा ठरवा आणि ते आतल्या सगळ्या फोल्डरांना लागू करा. फाइलीगणिक दुरुस्त करत बसायची गरज नाही. फोटो ॲपमधले अल्बम आणि चेहऱ्यांची नावं मात्र फाइलींबरोबर येत नाहीत, ती ॲपच्या डेटाबेसात असतात. त्यासाठी कंपनीचं स्वतःचं स्थलांतराचं साधन असेल तर तेवढ्यापुरतं ते वापरा.

मोजणी झाली की जुना नॅस बंद करा आणि नव्याला जुन्याचंच नाव आणि जुनाच आयपी पत्ता द्या, म्हणजे सगळ्या संगणकांवरचे ड्राइव्ह आपोआप जुळतात. दोघं एकाच वेळी त्याच पत्त्यावर चालू राहता कामा नयेत. जुना निदान एक महिनाअखेर आणि एक जीएसटी विवरणपत्र पार पडेपर्यंत पुसू नका, कारण कुठला फोल्डर राहिला ते तेव्हाच कुणाला तरी आठवतं. यानंतरही ऑफिसातला जुना स्कॅनर ‘फोल्डरमध्ये पाठवता आलं नाही’ म्हणत राहिला, तर तो एसएमबी१ बोलणारा आहे. त्याच्यासाठी नव्या नॅसवर एसएमबी१ उघडू नका. एफटीपीचं एक खातं काढून त्याला फक्त ‘स्कॅन’ या एका फोल्डरपुरते हक्क द्या आणि स्कॅनरच्या ॲड्रेस बुकमध्ये तोच पत्ता घाला.